स्टँडवरची सायकल

यंदाच्या मोसमाची आखणी मी कपडे बेतायच्या खाकी कागदावर केली. आधी पाया पक्का करायचा, मग चढ, मग लांब पल्ला. आणि शेवटी ध्येय: सायकल क्लबबरोबर उजाडता निघून, दिवस मावळायच्या आत तळ्यापर्यंत जाऊन परत यायचं. आखणी झकास होती. फक्त ती सगळी आईच्या खोलीबाहेरच्या बोळकांडीत पार पाडायची होती.

आई अंथरुणाला खिळली तसं मी शिवणकाम घरी आणलं. दिवसभर मशीनचं पायडल, संध्याकाळी सायकलचं. सायकल लोखंडी स्टँडवर चढवलेली. मागचं चाक फिरतं, सायकल जागची हलत नाही. घाण्याचा बैल निदान गोल तरी फिरतो. पण चाकाची घरघर सुरू झाली की आई डोळे मिटायची आणि थांबली की हाक यायची, "कुठे गेलीस गं?" एवढ्याशा घरात मी जाणार कुठे, कप्पाळ! तरी घरघरीने तिला झोप लागते, हे काय कमी आहे, अशी मी मनाची समजूत घालायची.

क्लबच्या प्रशिक्षकाला सगळे शिट्टी म्हणतात, कारण ती कायम त्याच्या तोंडात असते. त्याने ती काढून मला सुनावलं, "घरात कितीही घाम गाळ, रस्ता तो रस्ता. रविवारी माझ्यासमोर चालवून दाखव, मग तळ्यासाठी तुझं नाव घेतो."

दादा रविवारी यायचा, फळं ठेवायचा, 'काही लागलं तर सांग' म्हणायचा आणि सटकायचा. या वेळी मी सांगितलं. माझी सायकल उतरवली, त्याची जुनी स्टँडवर चढवली आणि त्याला तिच्यावर.

"चाक थांबू देऊ नकोस. थांबलं की ती जागी होते."

"म्हणजे आईला फसवायचं?"

"झोपवायचं. तुझं पोट कमी होईल ते वेगळंच."

रस्त्यावर वारा तोंडावर आला आणि मला रडूच फुटलं. घरातल्या पंख्याला असा वास नसतो. शिट्टी मागून येत होता, पाय तेल दिल्यासारखे फिरत होते, तळं आपलंच असं वाटत होतं. पुलाच्या उतारावर घाम डोळ्यात गेला. मी दोन्ही हात सोडले आणि उजवीकडचा टॉवेल घ्यायला वळले. घरी स्टँडजवळच्या खिळ्यावर तो असतो ना! पुढच्या क्षणी मी सायकलीसकट कठड्याशी आडवी.

शिट्टीने मला उठवलं. हसला नाही, हेच जास्त लागलं. "पाय तयार आहेत गं, पण तू अजून घरातच आहेस. पुढच्या रविवारी परत ये. ती शेवटची संधी."

घरी आले तर दादा घामाने निथळत पायडल मारतच होता. आई टक्क जागी.

"पडलीस?" तिने कोपराकडे बघून विचारलं.

"तू झोपली नाहीस?"

"त्या आवाजात झोप येते होय कुणाला? चाक फिरतंय म्हणजे तू आहेस, म्हणून डोळे मिटून ऐकत पडते. आज पहिल्यापासून कळलं, तू नाहीस. दादा मारतो ते धाड धाड, तुझ्यासारखं नाही."

इतक्या संध्याकाळी ती जागीच होती, पहाऱ्यावर. मला तिचा राग आला आणि लगेच तिची कीवही आली, आणि दोन्हींपैकी एकही गिळता येईना.

"पुढच्या रविवारी मला परत जायचंय," मी म्हटलं.

तिने माझं मनगट धरलं. अंगात त्राण नसलेल्या माणसाची मूठ इतकी घट्ट असते, हे मला माहीत नव्हतं.

"जा की," आई म्हणाली. "मी कुठे धरून ठेवलंय तुला?"

मी हात ओढून बघितला. सुटेना. मग दादाला म्हटलं, "तुझी उतरव. माझी चढव."