कोपऱ्यातले पक्षी

रविवारची प्रार्थना संपली तरी चर्चमधून कोणी हलेना. उलट भिंतीकडेला उभं राहण्यासाठी रेटारेटी सुरू झाली. एरवी पुढच्या जागेसाठी भांडणाऱ्या बायका आता कडेच्या जागेसाठी एकमेकींना कोपरं मारत होत्या, कारण पक्षी कडेलाच येतो.

"मध्ये उभे राहतात ते गर्विष्ठ!" ओग्न्यान मास्तर कॅमेऱ्यामागून बजावत होता. "गेलेल्यांचे आत्मे नम्र जिवाकडेच येतात. कडेला व्हा, नम्र व्हा! आणि श्वास रोखा, आत्म्याला वारा सोसत नाही."

श्वास रोखायला लावायचं कारण एवढंच की अंधारात फोटो हलू नये. पण फोटोत पक्षी दिसायचा, हे मात्र खरं. उंच पितळी स्टँडवरच्या मेणबत्तीची ज्योत फोटोत ज्योत राहायचीच नाही. काळोखात पंख पसरलेला इवलासा पांढरा पक्षी दिसायचा, नेमका कडेच्या माणसाच्या डोक्यावर.

आदल्याच रविवारी माझी धाकटी बहीण नेवेना असा फोटो उराशी धरून माझ्या घरी आली होती. तिच्या छातीत गाठ निघाली होती आणि या रविवारनंतरच्या गुरुवारी प्लोव्हदिव शहरातल्या इस्पितळात शस्त्रक्रिया ठरली होती.

"ताई, मी नाही जात," ती म्हणाली. "आई आलीय बघ माझ्या डोक्यावर. मास्तर म्हणाले, गाठ आपोआप विरघळेल. चाकू लावून घेतलास तर आई रुसेल."

फोटो पाहून माझं डोकंच फिरलं. गावातल्या लेन्सच्या कारखान्यात, तो बंद पडेपर्यंत, मी सव्वीस वर्षं तपासणीच्या खोलीत काढली, तीही ओग्न्यानच्या हाताखाली. अख्खी खोली एका फोटोत मावेल अशी रुंद लेन्स तयार झाली, की आम्ही अंधार करून एक बारीक दिवा लावायचो आणि चौकटीच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंत सरकवत फोटो घ्यायचो. "मध्ये सगळ्याच लेन्स गुणी असतात. लायकी कळते ती कोपऱ्यात," हे त्याचंच वाक्य. लेन्स कच्ची असली की कोपऱ्यातल्या दिव्याला पंख फुटायचे. त्या दोषाला आम्ही दोघं 'पक्षी' म्हणायचो. 'पक्षी आहे, नापास,' असं मी वहीत लिहायची आणि कॉफी पिताना आम्ही त्यावर पोट धरून हसायचो. तोच शब्द त्याने माझ्या आजारी बहिणीच्या गळ्यात बांधला होता. चोर ओळखीचा निघाला, की चोरीपेक्षा ओळखच जास्त बोचते.

म्हणून या रविवारी मी नेवेनाला हाताला धरून चर्चमध्ये आणलं.

"मास्तर, एक फोटो मी काढू?"

"काढू द्या की, तुमचीच चेली!" लोक म्हणाले. ओग्न्यान हसून बाजूला झाला. मी तोंड उघडणार नाही याची त्याला खात्री होती, आणि तीच मला झोंबली.

मी नेवेनाला मधोमध उभं केलं आणि तिच्यामागे एक स्टँड सरकवला. कोपऱ्यातल्या स्टँडखाली फरशी पुसायची बादली ठेवली. बटण दाबलं आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा फोटो सगळ्यांना दाखवला. नेवेनाच्या डोक्यावर साधी ज्योत, आणि बादलीवर पंख पसरलेला पक्षी.

"अगं बाई! बादलीवर कोण आलं?" बेकरीवाली त्स्वेता ओरडली.

"बादलीची आई!" मागून कोणीतरी म्हणालं.

"चेष्टा नको!" ओग्न्यान गरजला. "बादलीसुद्धा नम्र असते!"

मी लेन्सवरची कडी फिरवून आतलं भोक बारीक केलं आणि पुन्हा फोटो काढला. बादलीवरचे पंख गेले, ज्योत उरली.

"आत्मा कडी फिरवून पळतो होय?" मी म्हणाले. "कोपऱ्यातून उजेड काचेत तिरपा शिरतो. काचेच्या कडेने आलेले किरण एका ठिपक्यावर जमत नाहीत, पंखांसारखे फाकतात. भोक बारीक केलं की कडेचे किरण अडतात. ही लेन्स आम्ही दोघांनी मिळून नापास केली होती."

लोक हसले. नेवेना हसली नाही. "म्हणजे आई नव्हतीच?"

"पक्षी झाली ती मेणबत्ती तू कुठे लावली होतीस?"

"वरच्या स्टँडवर."

"गेलेल्यांसाठी कुठे लावतात?"

"खाली, वाळूच्या परातीत," ती अडखळत म्हणाली. "वरची जिवंत माणसांसाठी. मी माझ्याच तब्येतीसाठी लावली होती."

हा रिवाज आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण पक्षी दिसला आणि एकालाही तो आठवला नाही.

ओग्न्यान लेन्स काढून पुसत बसला. "दोन्का," तो हळूच म्हणाला, "कारखाना बंद पडल्यापासून मला कोणी मास्तर म्हणत नव्हतं गं."

"मी म्हणत होते," मी म्हणाले.

गुरुवारी नेवेना माझ्याबरोबर प्लोव्हदिवला आली. गाठ काढली, उपचार अजून चालू आहेत. वाटेत ती एकच वाक्य बोलली, "खोटी का होईना, आठवडाभर आई होती." म्हणूनच सांगते, चमत्कार दाखवणारा परका असेल तर एकदा तपासा, आणि जवळचा असेल तर दोनदा. पण डॉक्टरांनी दिलेली तारीख कोणाच्याही शब्दाखातर चुकवू नका.