लिसार्दोच्या कोटाखालची फळी

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे, आणि माझ्यावर बसायला कोणालाच आवडत नाही. वाल्देसिएर्वा या डोंगरातल्या गावाच्या फुटबॉल मैदानाच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली माझी जागा. अकरा जण आत पळतात आणि उरलेले माझ्यावर बसून आपलं नाव पुकारलं जाण्याची वाट पाहतात. गावच्या सुताराने मला पाइनच्या फळ्यांपासून घडवलं. मैदानाची देखभाल करणारी कासिल्दा मला दर उन्हाळ्यात हिरवा रंग देते.

लिसार्दो याच गावचा. लहानपणी तो माझ्यावर क्षणभरही टिकायचा नाही. पुढे शहरातल्या मोठ्या क्लबने त्याला नेलं आणि तो पहिल्या श्रेणीत खेळू लागला. तेव्हा म्हातारी मंडळी माझ्यावर रेडिओ ठेवून त्याचे सामने ऐकायची. त्याने गोल केला की त्याचा बालमित्र उबाल्दो चौकातल्या आपल्या बारमध्ये सगळ्यांना फुकट पाजायचा. मी अशा मुलाचा बाक, म्हणून मलाही ऐट होती. हळूहळू रेडिओवर त्याचं नाव येईनासं झालं. गुडघा गेला, असं गावात म्हणायचे.

तो परत आला तेव्हा त्याचे केस पिकायला लागले होते. आमच्या संघाला प्रशिक्षक हवा होता आणि लिसार्दोला दुसरीकडे कोणी बोलावत नव्हतं. आमचा संघ पाचव्या श्रेणीतला, तोही तळाशी. गावाला वाटलं, आता आपण वर जाणार. तसं काही झालं नाही. आम्ही हरत राहिलो.

उबाल्दोचा मुलगा दामियान आमचा सगळ्यात चपळ खेळाडू. एका संध्याकाळी सराव संपला, सगळे गेले, तरी तो माझ्यावर बसून राहिला. लिसार्दो शेजारी येऊन टेकला. आमच्याकडे प्रशिक्षकाला सगळे मिस्टरच म्हणतात.

"मिस्टर, मला रविवारी खेळवू नका," दामियान म्हणाला. "सामन्याआधी मला उलट्या होतात. लोक दिसले की पायच उचलत नाहीत."

"कधीपासून?"

"पूर्वीपासून. आता फार झालंय. पप्पांना सांगू नका. त्यांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलंय की मी तुमच्यासारखा होणार."

लिसार्दो बुटाने माती उकरू लागला. "मलाही व्हायचं असं," तो म्हणाला. "लोक गुडघा गुडघा करतात. गुडघा नंतर गेला. तू बस इथे. कोणी विचारलं तर माझं नाव सांग."

त्या रविवारपासून दामियान माझ्यावर बसू लागला. माझ्यामागच्या कठड्याला टेकून सूर्यफुलाच्या बिया फोडणाऱ्या मंडळींना तेवढं निमित्त पुरलं.

"काय रे लिसार्दो, पोराला अंडी उबवायला बसवलंयस का?"

"त्याला भीती वाटते, पोरगं आपल्या पुढे जाईल म्हणून," उबाल्दो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

लिसार्दोने मागे वळून पाहिलं नाही. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे आहे? दामियान मान खाली घालून बसायचा आणि त्याच्या ओझ्याखाली मला माझीच लाज वाटायची.

एका सोमवारी मैदान रिकामं असताना उबाल्दो आला. त्याने खिशातला चाकू काढला आणि माझ्या मधल्या फळीवर खोल कोरलं: लिसार्दो, तू गावाची लाज घालवलीस. दुसऱ्या दिवशी लिसार्दो सगळ्यांच्या आधी आला. त्याने वाचलं, अक्षरांवरून बोट फिरवलं. मग अंगातला लोकरीचा कोट काढून त्यावर पसरला.

कासिल्दा रंगाचा डबा घेऊन धावत आली. "थांब, रंगवून टाकते."

"राहू द्या," तो म्हणाला. "इतकं खोल रंगाने बुजत नाही. आणि पोरांनी ओल्या रंगावर बसायचं का?"

सबंध हिवाळाभर तो कोट माझ्यावर आणि लिसार्दो पातळ जर्सीत. आमच्या डोंगरातला वारा हाडं फोडतो. कठड्यावरून आवाज यायचे, "बघा, पहिल्या श्रेणीची गरमी अजून उतरली नाही." कोटाच्या उबेत मी शरमेने मेल्यासारखा पडून असे.

हंगामाचा शेवटचा सामना जिंकलो तरच आमची श्रेणी टिकणार होती. बरोबरी चालली होती आणि बर्फ पडू लागलं.

"मिस्टर, गारठलात तुम्ही," असं म्हणत दामियानने कोट उचलला. खालची अक्षरं त्याला दिसली. बारच्या पाटीवर रोज त्याच वळणाने जेवणाचे पदार्थ लिहिलेले असायचे.

"हे पप्पांनी लिहिलंय," तो म्हणाला.

"कोणीही लिहिलेलं असो. बस खाली."

"नाही. मला आत पाठवा."

"दामियान, गरज नाही त्याची."

"मला आहे."

तो आत गेला. एकदा चेंडू त्याच्या पायाशी आला, समोर गोलरक्षक एकटा. त्याने चेंडू बाहेर मारला. मग तो कडेपर्यंत चालत आला आणि सगळ्या गावासमोर ओणवा होऊन ओकला. बिया फोडण्याचा आवाज थांबला. शिट्टी वाजली. आम्ही खाली घसरलो.

उबाल्दो कठडा ओलांडून आला. "काय खाल्लं होतंस?"

"काही नाही, पप्पा. दर वेळी होतं. मीच मिस्टरना म्हटलं होतं, मला बसवून ठेवा."

उबाल्दो लिसार्दोकडे वळला. "मला का नाही सांगितलंस?"

"त्याने सांगू नको म्हटलं होतं."

उबाल्दोची नजर माझ्याकडे यायच्या आत लिसार्दो त्या अक्षरांवरच बसला. पण दामियान म्हणाला, "उठा मिस्टर. बघू द्या त्यांना." लिसार्दो उठला नाही. उबाल्दोला मात्र आपण काय लिहिलंय हे बघायची गरज नव्हती. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि बर्फात तसाच उभा राहिला.

लिसार्दो आता आणखी खालच्या श्रेणीतल्या एका खेड्याच्या संघाला शिकवतो. उबाल्दोने रंधा आणून मला तासलं. अक्षरं गेली, खळगा राहिला. पावसात त्यात पाणी साचतं.

मित्रांनो, चाकू हातात आला म्हणून कोणाच्याही लाकडावर काही कोरू नका. लिहिणारा निघून जातो, बसणाऱ्याला त्यावर हिवाळा काढावा लागतो. आणि कोणी बाहेर बसलेला दिसला, तर मागून ओरडू नका. पुढे या, त्याच्याशेजारी बसा. माझ्यावर जागा आहे.