बन्सी महाराजांचा भंडारा आणि शालूची नजर

पुंडलिकनगरात पाण्याचा टँकर आला की जेवढी झुंबड उडायची, तेवढीच त्या वर्षी बन्सी महाराजांच्या पत्र्याच्या शेडपुढे उडत होती. फरक एवढाच, की टँकरपुढे लोकांच्या हातात हंडे असायचे आणि इथे काखेत सीपीयू. लातूरला रेल्वेने पाणी जात होते, ते हे साल. गावेच्या गावे शहराकडे निघाली होती. गल्लोगल्ली झेरॉक्सची, फोटोची, पत्रिका छापायची दुकाने निघत होती, आणि प्रत्येक दुकानातला जुनाट कॉम्प्युटर रडतखडत चालत होता. महाराज त्याला पळवायचे.

"यंत्रातबी जीव हाय!" महाराज हात वर करून सांगत. "तुम्ही त्याला वीज पाजता. भक्ती पाजता का? मिटा डोळे! जो डोळं उघडील, त्याचं यंत्र आंधळं व्हईल!"

लोक डोळे मिटत. मशीनच्या जाळीवर भंडारा उधळला जाई, 'येळकोट येळकोट जय मल्हार'चा गजर उठे, आणि गजर थांबला की मशीन खरोखरच चपळ झालेले असे. तासाभराचे काम पाऊण तासात. लोक तिथेच हात जोडत.

हे महाराज म्हणजे माझ्या कॉम्प्युटर क्लासमधला बन्सी. मागच्या बाकावर बसून गेम खेळणारा. मी, भारत सर, याला कीबोर्ड धरायला शिकवले, आणि आता माझी बाके रिकामी आणि याच्या दारात रांग! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. रोज संध्याकाळी मी ओट्यावर उभा राहून त्याची रांग बघायचो आणि मनात म्हणायचो, एकदा पेटू दे ते शेड. त्याने नवी मोटारसायकल घेतली, त्या दिवशी तर मला जेवण गेले नाही.

शेवटी एकदा मीही रांगेत घुसलो आणि गजर सुरू झाल्यावर डोळे उघडे ठेवले. मशीन सुरू होताना महाराजांनी एक बटण दाबून धरले. मशीनच्या पोटातला सेटअप उघडला. त्यात वेगाचा आकडा वाढवला, व्होल्टेजचा वाढवला, आणि बाहेर. हा सेटअप उघडायला मीच त्याला शिकवले होते.

"अरे, देव नाही की काही नाही!" मी ओरडलो. "याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात!"

बन्सी माझ्याकडे बघून गोड हसला. "सरांचं पोट दुखायलंय. दोष नाय त्यांचा. पोरं जाईनात क्लासला."

गर्दी खदखदून हसली. खोटे बोलला असता तर मी भांडलो असतो.

आमच्या ओळीत रत्नमाला राहायची. देवगाव रंगारीहून आलेली. नवरा खंडेराव लग्नांत व्हिडिओ काढायचा आणि ती घरी बसून ते कॉम्प्युटरवर जुळवायची. दिवाळीत महाराजांनी तिच्या मशीनवर कृपा केली होती. चैत्र लागला आणि ते मशीन भर दुपारी आपोआप बंद पडू लागले. लग्नसराई ऐन रंगात, आणि काम अर्ध्यावर. तिने महाराजांना बोलावले.

महाराजांनी मशीनभोवती फेरी मारली, नाक वर करून वास घेतला आणि म्हणाले, "ह्या घरात जळणारं माणूस हाय. त्याची नजर लागलीय."

घरात बाहेरचे वाटावे असे माणूस एकच. रत्नमालाची विधवा जाऊ, शालू. ती लेकीला, संस्कृतीला, शिकवायला शहरात आणून जावेकडे राहत होती आणि वाळूजला कंपनीत जायची. सकाळची पाळी करून ती तिसऱ्या प्रहरी घरी यायची, आणि मशीनही नेमके त्याच सुमारास मान टाकायचे. आणखी काय पुरावा हवा? महाराजांनी उतारा सांगितला. मशीनला लाल फडके गच्च गुंडाळायचे, वर लिंबू बांधायचे. तसे केले, तर मशीन दिवसातून चारदा बंद पडू लागले. मग ठरले, सोमवारच्या गाडीने शालूला लेकीसह देवगावला पाठवायचे. तिथे विहिरीला पाणी नव्हते, आणि शालूच्या हाताला काम नव्हते.

शनिवारी शालू माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली.

"सर, मी जळत नाय हो कुणावर. जाऊबाईंनी आसरा दिला, त्यांचं वाईट कशाला चिंतीन? पण रोज तेच ऐकून आता मलाच वाटायलंय, आपल्या डोळ्यांत कायतरी असंल. पोरीकडं बघायचं भ्याव वाटतंय."

मला तोवर बन्सीची फजिती तेवढी हवी होती. शालूचे ते शेवटचे वाक्य ऐकून मात्र मी तिला म्हणालो, उद्या दुपारी घरी येतो.

रविवारी दुपारी मी रत्नमालाच्या घरी गेलो. बन्सीलाही बोलावून घेतले. तमाशा होणार म्हणून सगळी गल्ली जमली.

"सर, तुमचं नि महाराजांचं वाकडं हाय," रत्नमाला म्हणाली. "सगळ्यांना ठावं हाय ते."

"व्हय वहिनी, हाय. जळतो मी त्याच्यावर. ह्या गल्लीत माझ्याएवढा जळणारा दुसरा माणूस नाय. म्हणूनच म्हणतो, मला बसवा मशीनपुढं. शालूलाबी बसवा. नजर लागायचीच असंल तर लागू द्या."

मी फडके सोडले, जाळीतला भंडारा झटकला, सेटअपमधले आकडे मूळ जागी आणले आणि लग्नाचा व्हिडिओ तयार व्हायला लावला. मग शालू आणि मी समोर बसलो. मी जीव लावून जळलो! बन्सीची रांग आठवली, मोटारसायकल आठवली, माझी धुळीने भरलेली बाके आठवली. डोळ्यांत पाणी आले, पण मशीन बंद पडले नाही. व्हिडिओ सावकाश, पण पुरा झाला.

"आता आम्ही दोघं समोरच्या घरात जातो," मी म्हणालो. "महाराज, तुम्ही पुन्हा कृपा करा. फडकंबी बांधा."

बन्सीने घाम पुसला. "आज वार नाय."

"आज ऐतवार हाय की!" समोरच्या द्वारकाबाई म्हणाल्या. "खंडोबाचाच वार. करा की महाराज."

सुटका नव्हती. गजर झाला, भंडारा उधळला, फडके बांधले, तोच व्हिडिओ पुन्हा लावला. आम्ही द्वारकाबाईंच्या घरात भिंतीकडे तोंड करून बसलो. शालू पदर घट्ट धरून बसली होती. थोड्याच वेळात गलका झाला. मशीन बंद पडले होते.

"सरांची नजर लई जहरी!" बन्सी ओरडत होता. "भिंतीतनं लागली!"

"अगं बाई!" द्वारकाबाई म्हणाल्या. "मघा पुढ्यात बसून लागली नाय, अन् आता भिंतीतनं लागली व्हय?"

गर्दी पुन्हा हसली, पण या वेळी माझ्याकडे बघून नाही.

मी सगळ्यांना डोळे उघडे ठेवायला लावून सेटअप दाखवला. बन्सीने आकडे पुन्हा चढवले होते. "प्रोसेसर म्हणजे मशीनचा मेंदू. त्याला वीज किती दाबानं द्यायची, ते हे व्होल्टेज. वेग वाढवायचा तर बहुतेक वेळा दाबबी थोडा वाढवावा लागतो. तुम्ही नळाला मोटार लावता ना, तसंच. पाणी जोरात येतं, पण पाइपावर ताण पडतो. इथं ताण म्हणजे उष्णता. अन् दाब वाढवावा त्याहून उष्णता जास्त वाढते."

"पण वेग तर वाढला का नाय?" बन्सी पुटपुटला.

"वाढला. ही कला खोटी नाय. पण प्रत्येक प्रोसेसरची सोसायची ताकद वेगळी. थोडं वाढवायचं, तापमान बघायचं, मग पुढं जायचं. हे मशीन सव्वा व्होल्टच्या आसपास चालायचं. तू थेट दीडच्या घरात नेलंस, अन् सगळ्यांना तोच आकडा ठोकलास. थंडीत खपून गेलं. आता कूलरमधी घालायला पाणी नाय, दुपार भाजून काढतीय, पंख्याची जाळी भंडाऱ्यानं बुजलीय, अन् वर तू फडकं गुंडाळलंस. लई तापलं की प्रोसेसर जीव वाचवायला मशीन बंद करतो. शालू दुपारी घरी येती, अन् ऊनबी दुपारीच तापतं. एवढंच."

बन्सी निघून गेला. रत्नमालाने फडके सोडले आणि खाली मान घालून म्हणाली, "शालू, आत ये."

शालू उंबऱ्यातच थांबली. "बाई, माझं नाव सगळ्यांच्या देखत घेतलंत. आता ते मागंबी सगळ्यांच्याच देखत घ्या."

रत्नमालाने घेतले. रडत रडत घेतले. सोमवारी संस्कृती दप्तर घेऊन शाळेत गेली.

आणि वाचकहो, तुम्हाला एकच सांगणे. मशीन बिघडले तर आधी तापमान बघा, पंखा बघा, आकडे बघा. घरातल्या बाईचे डोळे बघू नका. डोळे मिटायला सांगणाऱ्यापुढे तर हमखास उघडे ठेवा. कोणाच्या जळण्याने काही बिघडत असते, तर बन्सीचे ते शेड केव्हाच खाक झाले असते. दिवाळीपासून मी रोज त्याच्याकडे बघत होतो.