बीबीच्या गळ्यातला पट्टा

तांबडी माती, नखाने खरवडली तरी न निघणारी.

बारा वाजता आरवणारा कोंबडा.

चतुर्थीचा चंद्र आणि त्याच्या आड आलेले कार्ल्सरूहेचे ढग.

पितळेचे चार बोल्ट.

तुडवलेला मका.

'एलेक्ट्रोश्रॉट' असे लिहिलेला डबा, ज्यात निकामी यंत्रे टाकतात.

मित्रांनो, हे सगळे तुकडे ज्याच्यात अडकले आहेत तो मी, एक जुना पट्टा आहे. हत्तिणीच्या गळ्यातला. वजन बारा किलो. माझा वास चांगला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनजवळच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये झाला. आजूबाजूला सगळे मोटारींसाठी राबत होते, आमच्या खोलीत मात्र दोन माणसे प्राण्यांसाठी पट्टे बनवत. मला जाड रबरी कापडाचे शरीर मिळाले, वर उपग्रहांचे ऐकणारी डबी आणि ती गळ्याखाली घसरू नये म्हणून खाली शिशाचे वजन. मला बनवणाऱ्याने शेवटचा बोल्ट आवळून माझ्या पाठीवर थाप मारली. तेवढेच माझे बारसे.

२००५ साली मला केनियातल्या त्सावो राष्ट्रीय उद्यानात नेले आणि बीबीच्या गळ्यात बांधले. बीबी म्हणजे तिकडच्या भाषेत आजी. तिच्यामागून अकरा हत्ती चालत. ती कुठे आहे, हे दर तासाला टिपून ठेवणे एवढेच माझे काम. तिने चिखलात लोळावे, मी लोळावे. तिने झाडाला मान घासावी, मी सोसावे.

पार्कच्या हद्दीबाहेर नदी होती आणि हद्द व नदी यांच्यामध्ये म्वाकियो नावाच्या शेतकऱ्याचे मक्याचे शेत. बीबीची वाट त्या शेताहून जुनी होती. पण म्वाकियोची चार मुले त्याच मक्यावर वाढत होती. मी कुणाच्या बाजूने बोलणार? मी वेळ आणि जागा लिहीत राहिलो. वीस महिने.

मग माझी बॅटरी संपत आली, माझी कडी ठरल्याप्रमाणे आपोआप सुटली आणि मी गवतात पडलो. बीबीने मागे वळून मला एकदा हुंगले. पार्कच्या गार्डने मला खोक्यात घालून कार्ल्सरूहेच्या विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत पाठवले. माझ्यासोबत म्वाकियोच्या वहीच्या झेरॉक्स प्रती होत्या. हत्ती किती वाजता दिसले, हे तो रोज त्या वहीत लिहून ठेवत असे.

तिथे मला नंदिनी भेटली. पुण्याची, डॉक्टरेट करणारी. त्सावोला ती कधी गेली नव्हती, पण बीबीचा रस्ता तिला पाठ होता. गावाला विजेचे कुंपण मिळणार होते. बीबीच्या वाटेवर त्याला एक दार ठेवायचे, हत्तींच्या वेळेला ते उघडायचे आणि तेवढा वेळ माणसांनी शेतावर पहारा करायचा, असे ठरत होते. दार कुठे आणि कधी, हे नंदिनीने महिनाअखेर कळवायचे होते. नाहीतर कुंपण सलग होणार होते. सलग कुंपण बीबी मोडणार, मका पुन्हा तुडवला जाणार आणि या खेपेला गावातून भाले निघणार, असे गार्डने पत्रात लिहिले होते.

आणि नेमका मी खोटा ठरलो.

माझ्या नोंदीत हत्ती संध्याकाळी सात वाजता शेताशी होते. वहीत आकडा होता एक. रोज सहा तासांचा फरक!

"तिथल्या आणि उपग्रहाच्या घड्याळात तीन तासांचा फरक असतो, तो मी धरलाय," नंदिनी म्हणाली. "सहा कुठून आले?"

तिच्या प्राध्यापकांनी चष्मा पुसला. "आल्झो, तर मग पट्टा बिघडलाय. वेळ चुकली, तर जागेवर तरी विश्वास कसा ठेवायचा? त्याची माहिती वगळा." आणि त्यांनी कोपऱ्यातल्या 'एलेक्ट्रोश्रॉट'च्या डब्याकडे बोट केले.

नंदिनी मला घेऊन डब्यापाशी गेली. उभी राहिली. मग तिने मला पिशवीत घातले आणि ट्रामने घरी आणले.

घरी तिच्या सासूबाई, मनोरमाबाई, पुण्याहून आलेल्या होत्या. त्या दिवशी संकष्टी होती. दुपारी त्या स्वयंपाकघरात पंचांग उघडून बसल्या होत्या.

"चंद्रोदय दिलाय तो पुण्याचा. इथला कोण सांगणार मला? आणि हे काय आणलंस?"

"अहो आई, हत्तिणीचा पट्टा आहे."

"हत्तिणीचा असो नाहीतर इंद्राच्या ऐरावताचा, उपासाच्या दिवशी ओट्यावर नको."

नंदिनीच्या सात वर्षांच्या मुलीने, ऊर्जाने, नाक दाबले. "आजी, एस श्टिंक्ट!"

"बघ. मला जर्मन येत नाही, पण हे कळलं."

मला टेबलाखाली जागा मिळाली. सात आणि एकचे कोडे नंदिनीने सासूबाईंना सांगितले. ऊर्जा म्वाकियोच्या वहीची पाने उलटत बसली. "गुक माल, आजी! आइन हान! कोंबडा!"

मनोरमाबाईंनी चष्मा चढवला. प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटा कोंबडा काढलेला होता. चोच उघडलेला. शेजारी आकडा, बारा.

"नंदिनी, हा कोंबडा बारा वाजता आरवतो?"

"चित्रं मी घेतलीच नाहीत, आई. आकडे तेवढे घेतले. आरवत असेल एखादा दुपारी."

"रोज? महिनाभर? अगं, कोंबडा आरवला की उजाडतं. म्हणजे यांच्याकडे उजाडताना बारा वाजतात. मग पुढचा एक म्हणजे आपले सात." त्यांनी पंचांगावर बोट आपटले. "आमचे आबा असंच वाचायचे. सूर्य उगवला की तिथून घटका मोजायच्या. मावळला की यांचं पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असेल. दिवस उगवायच्या आधी तुमच्यासारखी मोजायला सुरुवात नाही करत कुणी."

नंदिनीने गार्डला फोन लावला. तो खूप वेळ हसत होता, मला टेबलाखालीसुद्धा ऐकू आले.

"तुम्ही आमचे तास तुमच्या घड्याळाने वाचलेत? अहो, इथे सगळेच असं मोजतात. सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून कुणी सांगितलं नाही!"

सोमवारी प्राध्यापकांनी दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या. सात आणि सात. "गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले आणि माझ्यावरची 'बिघडलेला' ही चिठ्ठी त्यांनी स्वतः काढली.

कुंपणाला दार ठेवले. दिवस मावळताना म्वाकियो आणि शेजारी शेतावर बसू लागले. त्या हंगामात मका घरी आला आणि बीबी अकराही हत्तींना घेऊन नदीवर गेली.

मित्रांनो, आता मी प्रयोगशाळेच्या खिडकीत असतो. मी आभार कुणाकुणाचे मानू? बोल्ट आवळणाऱ्याचे, डब्यापाशी थांबलेल्या पावलांचे, उपाशीपोटी कोंबडा पाहणाऱ्या आजीचे. एखादी जुनी वस्तू तुम्हाला खोटी वाटली, तर टाकण्याआधी तिचे एकदा पूर्ण ऐका. आणि कुणाची वही वाचाल, तेव्हा कोपऱ्यातले चित्रही वाचा. ज्याने ते काढले, त्याने उगाच काढलेले नसते.

बीबीला भूल देऊन मला बांधले त्या दिवशी सोंडेचे टोक मिटून तिचा श्वास कोंडू नये म्हणून त्यात एक काडी धरून ठेवावी लागली. ती काडी चाळीस मिनिटे म्वाकियोने धरली होती. त्याचा मका तिने आठच दिवसांपूर्वी तुडवला होता.