इस्त्री नको

महरूसने बाटली उपडी करून शर्टावर पाणी शिंपडलं आणि जड इस्त्री कॉलरवर टेकवली. एरवी तो तोंडात पाणी धरून फवारा मारायचा. रमजानात उपास असल्यामुळे झाकणाला भोकं पाडलेली बाटली. चुर्र आवाज झाला, वाफ उठली, तरी बाकावरच्या दोघांचं मालिकेवरून चाललेलं भांडण काही थांबेना.

"हाजी मिद्हत हेकट आहे, बाई," शेजारचा न्हावी शौकी म्हणाला. "छातीत दुखतंय, गिरणी बंद पडलीय, आणि अस्वानला राहणाऱ्या मुलीला, नवालला, साधी चिठ्ठी टाकत नाही. लेखकाने उगाच ताणलंय."

"ताणलंय म्हणे." इन्शिराह बाईंनी चष्मा वर सरकवला. "काल त्याने तिचा फोटो पुसला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून ठेवला. तोंडातून एक शब्द नाही. असं लिहायला काळीज लागतं, शौकी."

"आणि तो नट? जन्मभर लोकांना हसवलं त्याने. तो रडला तरी मला हसू येतं."

"परवा तो रडला तेव्हा बाहीने डोळे पुसत होतास. तुझ्याच बायकोने सांगितलं."

"साबण गेला होता."

महरूस गालात हसला. मालिका बघावी तर बाईंनी. निम्म्या गल्लीला त्यांनी अरबी शिकवलं होतं, महरूसच्या दोन्ही मुलांना धरून; आता निवृत्तीनंतर दर रमजानात त्या त्याच्या दुकानात बसून नटांची आणि लेखकांची परीक्षा घ्यायच्या. यंदा रमजानभर रोज लागणाऱ्या 'भाताची गिरणी'ला त्यांनी पहिल्या भागापासून पैकीच्या पैकी गुण दिले होते.

महरूसला मात्र गप्प बसावं लागे. स्टुडिओतले कपडे त्याच्याकडे इस्त्रीला यायचे. दरवर्षीसारखं याही वर्षी चित्रीकरण मागे पडलं होतं: टीव्हीवर सतरावा भाग, आणि दुकानातल्या पडद्यामागे एकोणतिसाव्या भागाचे कपडे. कोण मरणार, कुणाचं लग्न होणार, हे देशाच्या आधी त्याला कळायचं. आधीच्या इस्त्रीवाल्याने एका नवरदेवाच्या सुटाबद्दल तोंड उघडलं आणि काम गमावलं होतं.

गिऱ्हाईक आलं म्हणून शौकी उठून गेला. बाईंनी मांडीवरचं गाठोडं पुढे केलं.

"तीन गाऊन आहेत. गुरुवारी दवाखान्यात जायचंय. हृदयाची झडप."

महरूसने इस्त्री बाजूला ठेवली. "मुलीला कळवलंत? हनानला?"

"कशाला? कुवेतला नोकरी आहे तिची, पोरांच्या परीक्षा आहेत. मिद्हतचं बरोबर आहे. मानी माणूस हाका मारत बसत नाही."

सतरा दिवस बाई मिद्हतची बाजू का लढवत होत्या, ते महरूसला आत्ता कळलं.

"शेवट बघायला मी असेन की नाही, देव जाणे," त्या वर्गात बोलायच्या तशा आवाजात म्हणाल्या. "तुला माहीत असेल ना?"

"हाजी बरा होतो, बाई. ईदसाठी नवा झगा आलाय त्याचा."

"खोटं. पाचव्या भागात ज्याने हाजीला गिरणीच्या किल्ल्या नोकराच्या हातात द्यायला लावलं, तो लेखक त्याला बरा करणार नाही. केलं तर मी नापास करीन त्याला. आणि खोटं बोलताना तुझी पोरंसुद्धा कानच खाजवायची."

महरूसने कानावरचा हात खाली घेतला. मग त्याने पडदा सरकवला.

दांडीवर कडक इस्त्रीचे कपडे ओळीने टांगले होते. त्यांच्यामध्ये एक राखाडी कोट, पाठीवर चुरगळलेला, बाह्या मुडपलेल्या. त्याला टाचणीने कागद लावला होता. बाईंनी चष्मा काढून जवळून वाचलं: 'भाग २९. नवाल. इस्त्री नको.'

"आजवर तिचा एकही कपडा असा ठेवायला सांगितला नव्हता," महरूस म्हणाला.

बाईंनी पाठीवरच्या सुरकुतीवरून बोट फिरवलं.

"अस्वानहून रात्रभर गाडीत बसून आलीय. कपडे बदलायलासुद्धा थांबली नाही." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "काय लिहितो हा माणूस. एका कोटात सगळं आलं."

त्या बाकावर येऊन बसल्या.

"पण तिला कळवलं कुणी?"

"कपड्यांवरून तेवढं नाही कळत, बाई."

बाहेर लोक इफ्तारचे पाव घेऊन घाईने चालले होते.

"शौकीला यातलं काही सांगू नकोस," बाई उठत म्हणाल्या. "भांडू दे त्याला ईदपर्यंत."

"नाही सांगत. गाऊन उद्या घरी आणून देतो."

उंबऱ्याशी त्या थांबल्या. "टेलिफोन ऑफिस उघडं असेल का रे आत्ता?"

"अजून अर्धा तास असेल."

घराची गल्ली डावीकडे होती. बाई उजवीकडे वळल्या आणि झपाझप चालू लागल्या.

"बाई, सावकाश," महरूसने हाक मारली.

त्यांनी मागे न बघता हात वर केला, वर्गाला गप्प करायच्या तसा.