एक तास चाळीस मिनिटांचा जिताडा

मी थर्माकोलचा एक खोका बोलतोय. जन्म तळोज्याच्या कारखान्यातला, आयुष्य पनवेलच्या मासळी बाजारात गेलं. विमानात बसेन असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मासळीवाल्या हौसानं मला सुकापूरच्या चंद्रावतीच्या हवाली केलं. तिची लेक मनस्वी दुबईला दिलेली. सातवा महिना चालू होता आणि पोरीच्या पोटात अन्नाचा कण ठरत नव्हता. "आये, खाडीचा जिताडा खावासा वाटतो," एवढंच ती फोनवर म्हणाली. झालं! चंद्रावतीनं जन्मात पहिल्यांदा विमानाचं तिकीट काढलं.

जिताडा मासा दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवून दगडासारखा केला होता. तो माझ्यात भरताना हौसा म्हणाली, "वाईच बर्फ घाल."

"नको, वजन वाढतं. धाला इमान सुटतं, अकरा चालीसला उतरतं. एक तास चालीस मिन्टं. पेनला जाऊन येवाला जास्ती टायम लागतो!"

चंद्रावतीनं टेपनं मला करकचून आवळलं. माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडालेला, तो तिच्या लक्षातच आला नाही. मला मात्र तिथूनच घोर लागला.

विमानाच्या पोटात मी बॅगांखाली दबून पडलो. एक तास चाळीस मिनिटं सरली. विमान उतरेना. दोन तास झाले, अडीच झाले. जिताडा मऊ पडू लागला, त्याचं पाणी माझ्या तळाशी साचायला लागलं. पोरीला आता काय खायला घालणार ही बाई? मला ओरडताही येत नव्हतं.

मनस्वीच्या स्वयंपाकघरात चंद्रावतीनं टेप फाडली आणि हात आत घातला. तिचा चेहराच उतरला. "हा तं पार सुटला गं!"

मनस्वीनं कल्ले उघडून वास घेतला. "चांगला हाय, आये. लगेच कालवण कर. आणि एक चालीस कुठले? इथलं घड्याळ दीड तास मागं हाय. इमान तीन तासांच्या वर उडतं."

कालवण झालं. मनस्वी भाताबरोबर दोनदा मागून जेवली आणि सगळं तिला पचलं. माझा जीव भांड्यात पडला. पण चंद्रावतीनं घास घेतला नव्हता.

"तुजं लगीन ठरताना जावयाचं इमानाचं तिकीट बगलेलं मी," ती म्हणाली. "एक तास चालीस मिन्टांवर पोर ऱ्हाईल, म्हनून व्हय म्हनले. तीन तासांवर नसती दिली."

मनस्वी हसायला गेली, पण तिला हसू आलं नाही. तिनं आईचा हात धरून ठेवला.

आता मी इथल्या गॅलरीत वाळत पडलोय. मला कचऱ्यात टाकायचं बोलणं चाललंय. माझं एवढंच मागणं आहे, चंद्रावती परत निघेल तेव्हा मलाही सोबत द्या, रिकामा का होईना. ते तीन तास तिला एकटीला काढायला लावू नका.