बहिणीच्या घरची फवारणी

"आतली खोली राहू द्या, पाव्हणे. तिथं देव हायेत," म्हणत रुखमाबाई उंबरठ्यात आडव्या उभ्या राहिल्या.

डीडीटीचा पंप घेतलेला मोतीराम जागीच थांबला. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर त्याने म्हातारीला हसवून बाजूला केलं असतं. "बुढे, डास देवालेबी सोडत नाही वं, काढ त्याईले बाहीर!" एवढ्या एका वाक्यावर त्याने सातपुड्याच्या पायथ्यापासून वरवट बकालपर्यंत कितीतरी देवघरं फवारली होती. हिवतापाच्या पथकात त्याच्याइतका तोंडाळ माणूस नव्हता.

पण हे त्याच्या धाकट्या बहिणीचं, चांगुणाचं सासर होतं, आणि रुखमाबाई तिची सासू. लेक दिली त्या घरात मान खाली घालायची, हे बापाने शिकवलेलं. मुलीकडची बाजू पडती. सरकारी पंप हातात घेतला म्हणून ती वर येत नाही.

ओसरीवर चांगुणाचा नवरा घोंगडी पांघरून कुडकुडत होता. लाकडं आणायला जंगलात मुक्कामी राहिला आणि ताप घेऊन उतरला. चांगुणा पोटुशी, आणि तिची बाज आतल्याच खोलीत. नवऱ्याला चावलेला डास तिलाही चावणार, आणि दोन जिवांच्या बाईला हा ताप झेपत नाही, हे मोतीरामला पक्कं ठाऊक होतं. दाराआडून ती भावाकडे बघत होती.

"मावशी, हिच्यासाठी तरी..."

"तिले काय होते? आमी नाही का याच खोलीत बाळंत झालो?"

मोतीराम उंबरठ्यापासून मागे फिरला. ओसरी फवारली, गोठा फवारला आणि निघाला. पुढच्या घरांत मात्र तो उगाचच लोकांवर खेकसला.

दिवाळीच्या आत चांगुणा तापाने गेली. पोटातलंही गेलं.

पुढच्या साली पथक पुन्हा आलं. मोतीरामने वाटेतच सगळं बोलणं जुळवून ठेवलं होतं. बहीण नाही, नातं नाही, मग भीड कसली? म्हातारीला चार लोकांत ऐकवायचंच.

दारात नवी सून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि वाकून त्याच्या पाया पडली.

"दादा, मी मंजुळा. चांगुणाबाईच्या जागी आली. तुमचं घर तेच आता माह्यं माहेर."

रीतच आहे तशी. मागून आलेली बायको पहिलीच्या माहेरची लेक होते. मोतीराम पुन्हा मुलीकडचा झाला, आणि चार लोकांत ऐकवायचं राहूनच गेलं. त्याने तांब्या घेतला आणि पाणी प्याला.

"ओसरी मारून घ्या, पाव्हणे," रुखमाबाई आतून म्हणाल्या.

"मावशी, देव बाहीर काढा." त्याचा आवाज चढला नाही. "या पोरीची खोली फवारल्याबिगर मी इथून हालत नाही."

रुखमाबाई देवघराकडे वळल्या. मग त्यांनी देव तबकात घेतले, पदराखाली झाकले आणि अंगणात उन्हात जाऊन बसल्या. मोतीरामने आढ्यापासून खालपर्यंत खोली भिजवली.

"झालं," बाहेर येऊन तो म्हणाला. "दिवाळीपरेंत भिंती सारवू नका, औषध झाकून जाते."

रुखमाबाईंनी मान हलवली. मांडीवरच्या देवांकडे बघतच त्यांनी विचारलं, "मागच्या साली असं काऊन नाही बोलले, पाव्हणे?"

मोतीराम पंपाची नळी गुंडाळू लागला. गुंडाळून झाली, तरी तो तिथंच उभा होता.